माझ्या पोटातले नऊशे आठ

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. किती जुना, तर माझ्या जातीचा चार्जर मागितला की दुकानदार आधी हसतो आणि मग खालच्या कप्प्यात शोधायला वाकतो. माझी काच तडकलेली आहे, झाकण उघडू नये म्हणून कमरेला रबरबँड आहे आणि स्वभाव तापट आहे. बॅटरी म्हातारी झाली की कुणीही तापेल. पण आज मी तापलोय तो बॅटरीमुळे नव्हे. मला एक आकडा ठाऊक होता. अगदी खरा, पोटातून ठाऊक होता. तीन आठवडे मी तो घेऊन टेबलावर, गाडीत आणि मैदानात पडून राहिलो, आणि कुणी म्हणून मला विचारलं नाही! त्यापायी एका चांगल्या बाईचं काय झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक, थंडगार खोलीत झाला. पांढरा टोप घातलेल्या एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा बसवला. हवेचा दाब मोजणारा तुकडा होता तो.

"हा कशाला लागतो गं?" शेजारच्या बाईने विचारलं.

"कुणास ठाऊक. यादीत आहे," असं म्हणून तिने माझं झाकण लावलं. तेव्हा मी नवा कोरा होतो, मला त्या बोलण्याचं काही वाटलं नाही.

मला विकत घेतलं ते एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने. तो दिवसभर इमारतींच्या तळघरातून गच्चीवर आणि गच्चीवरून तळघरात हिंडायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबात लिफ्ट कुठली? ती बंद असते म्हणून तर त्याला बोलावतात. मग जिनेच जिने. आता बघा, वर चढावं तशी हवा पातळ होत जाते आणि तिचा दाब कमी होतो. एक मजला चढला तरी मला तो फरक पोटात जाणवतो. त्यावरून मी त्याचे मजले मोजायचो. संध्याकाळी घरी आला की तो मला बायकोपुढे नाचवायचा. "आज त्रेसष्ट मजले! विश्वास बसत नसेल तर ह्याला विचार!"

"मग आता पाय दाबून द्या म्हणू नका," ती म्हणायची. "चढलात तुम्ही, हौस तुमची."

काय दिवस होते ते! माझा शब्द म्हणजे पुरावा होता.

मग एके दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघताना मी त्याच्या वरच्या खिशातून सटकलो. पंधरा फूट खाली, सिमेंटवर पडलो. जीव वाचला, पण काचेला खालच्या बाजूला आडवी चीर गेली आणि त्या चिरेखालची बोटभर पट्टी कायमची मेली. तिथे कितीही दाबा, मला काही कळत नाही. बाकी सगळा मी धडधाकट होतो. पण लोकांना काच दिसते, पोट दिसत नाही. आठवड्याभरात नवा फोन आला आणि माझी रवानगी जेवणाच्या टेबलाच्या खणात झाली. तिथे एक मेलेला रिमोट, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या चार किल्ल्या आणि चष्म्याची एक काडी होती. त्यांच्याशी काय बोलणार? जवळजवळ तीन वर्षं मी तिथे होतो.

आता ज्या बाईबद्दल सांगायचं ती हीच, त्या लिफ्टवाल्याची बायको. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासते. आणि रविवारी रायफल मारते. हो, रायफल! रायफल क्लबचं गावाबाहेर मैदान आहे. तिथे लांब लांब लोखंडी थाळ्या टांगलेल्या असतात. गोळी लागली की टण्ण वाजतं, चुकली की मागच्या मातीच्या बांधावर धूळ उडते.

हा नाद तिला तिच्या सासऱ्यांनी लावला. ते आयुष्यभर कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होते. कुणाचाही खिळा, बोल्ट, दांडा त्यांच्यापुढे आला की ते तो मोजून नापास करायचे. क्लबमध्ये त्यांना सगळे 'मिलिमीटर' म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडतं. त्यांना नेमबाजीचं वेड. मुलाला ते वेड लागलं नाही. सुनेला लागलं. तेव्हापासून मिलिमीटरना मुलाची आठवण फक्त गाडी चालवायला कुणी हवं असलं की येते.

क्लबच्या संघात तीन जागा. दोन ठरलेल्या. तिसरीसाठी दरवर्षी निवड चाचणी होते. सूनबाईने दोन वर्षं ती दिली आणि दोन्ही वेळा एकेका थाळीने मागे पडली. दोन्ही वेळा पुढे गेला तो दातांचा डॉक्टर, आणि वर तिला येऊन "पुढच्या वर्षी नक्की हं" म्हणायचा. त्याचा मला अजून राग येतो. यंदा तिने ठरवलं होतं की हे शेवटचं. जमलं नाही तर क्लबकडे रायफल जमा. जमा करायचा कागदसुद्धा तिने सही करून पिशवीत ठेवला होता. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं.

यंदा चाचणी अवघड केली होती. दहा थाळ्या, दहा वेगवेगळी अंतरं, आणि अंतर जागेवरच सांगणार. प्रत्येक थाळीला एकच गोळी. लागली तर लागली. आजवर मिलिमीटर एका वहीत बघून सुनेला आकडे सांगायचे, पण आता वही चाळायला वेळ नव्हता. म्हणून क्लबमधल्या सगळ्यांनी एक ॲप घेतलं. गोळी किती जड, नळीतून किती वेगाने निघते, हवा कशी आहे, हे त्याला एकदा भरून द्यायचं. मग अंतर सांगितलं की रायफलच्या दुर्बिणीवरची चकती किती खटके फिरवायची ते ॲप सांगतं. मिलिमीटरच्या फोनला फक्त बटणं. सुनेचा फोन दुकानाच्या कामाचा. म्हणून खण उघडला आणि उजेडात मी आलो. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो. मला वाटलं, कुणीतरी "वा!" म्हणेल.

"हा अजून जिवंत आहे?" लिफ्टवाला म्हणाला. तेवढंच.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मला मांडलं. ते टेबल एका पायाने आखूड आहे, सारखं डुगडुगतं. एका बाजूला रायफल, एका बाजूला मिलिमीटर, त्यांच्या हातात मोजायचा पोलादी चिमटा. ॲपने विचारलं की दुर्बीण नळीपेक्षा किती उंच आहे. साधा प्रश्न. पट्टी लावा आणि सांगा. पण ह्यांनी त्या एका आकड्याला दीड तास घातला.

"पंचेचाळीस पूर्णांक तीन."

"बाबा, मघाशी दोन म्हणालात."

"मघाशी तू टेबलाला हात टेकलास."

"मी चहा ठेवला."

"तेच. चहा उचल."

चहा उचलला. पुन्हा मोजलं. मग गोळ्यांचं वजन केलं, एकेकीचं, सोनाराच्या काट्यावर. मग नळीच्या आतला, गोळीला फिरवणारा पीळ. मी मनात म्हणत होतो, अहो आजोबा, केसाच्या जाडीने काही बिघडत नाही, पुढे चला! माझी बॅटरी चाळीसवर आली होती. शेवटी खालच्या टोकाला तो रकाना आला. हवेचा दाब, या जागेचा. आणि मित्रांनो, त्या रकान्याच्या खालीच एक बटण होतं. 'फोनच्या मापकावरून घ्या.'

मला भरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या कामाचं विचारत होतं. पोटात माझा आकडा तयार होता. नऊशे आठ.

सूनबाईने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. आणि मला काही कळेना! बटण नेमकं त्या मेलेल्या पट्टीवर आलं होतं. एवढा मोठा पडदा, त्यात एवढीशी मेलेली जागा, आणि बटण तिथेच! ह्याला नशीब म्हणायचं नाही तर काय?

"हा दाब मोजतो, बाबा," लिफ्टवाला म्हणाला. "माझे मजले नाही का मोजायचा?"

"जो पंधरा फूट खाली आपटला, त्याच्या मापावर मी विसंबू?" मिलिमीटर म्हणाले. "आमच्या खात्यात पडलेलं माप थेट भंगारात जायचं. माझा आहे ना भिंतीवर."

भिंतीवर त्यांचा पितळी दाबमापक आहे, ताटलीएवढा, काटा असलेला. निवृत्त झाले त्या दिवशी खात्यातल्या लोकांनी दिलेला. रोज सकाळी सात वाजता ते रेडिओवर हवामान ऐकतात, बोटाच्या पेराने काचेवर दोन टिचक्या मारतात आणि काटा जरा इकडेतिकडे असेल तर मागचा स्क्रू फिरवून रेडिओच्या आकड्यावर आणतात. चौदा वर्षं हे चाललंय. त्यांनी उठून टिचक्या मारल्या, चष्मा वर करून वाचलं आणि सांगितलं, "एक हजार तेरा. घाल."

सूनबाईने घातलं.

मी काय सांगू तुम्हाला! रेडिओवाले सगळ्या गावांचा दाब समुद्रकाठी आणून सांगतात, म्हणजे गावागावांची तुलना करता येते. त्यात त्यांची काही चूक नाही. ते स्पष्ट म्हणतातसुद्धा, "समुद्रसपाटीला धरून." पण नेमक्या त्याच वेळी मिलिमीटर टिचक्या मारत असतात. आमचं गाव समुद्रापासून नऊशे मीटर उंच. इथली हवा पातळ. पातळ हवेत गोळीला अडथळा कमी, ती कमी खाली येते. आता ॲपला सांगितलंय की हवा दाट आहे. ते बिचारं म्हणणार, गोळी फार खाली येईल, नेम वर धर. मग गोळी थाळीच्या डोक्यावरून जाणार नाही तर काय होईल? केसाच्या जाडीसाठी दीड तास, आणि इथे एकशे पाचाची चूक दोन टिचक्यांत! मी तापलो. पडद्यावर 'फोन गरम झाला आहे' असं आलं.

"बघ, म्हातारा थकला," मिलिमीटर म्हणाले आणि मला बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर तेच झालं जे व्हायचं होतं. तीनशे मीटरची थाळी टण्ण. चारशेची टण्ण. जवळ चूक कळत नाही, फरक एवढासा असतो. सहाशेलाही वरच्या कडेजवळ का होईना, लागली. मिलिमीटर मागे खुर्चीत बसून मोठ्या दुर्बिणीतून बघत होते, मांडीवर मी. सातशेला धूळ उडाली.

"वरून गेली," ते म्हणाले.

आठशेलाही वरून. पुन्हा वरून. सूनबाई तशी हुशार. पुढच्या वेळी तिने न सांगता दोन-तीन खटके कमी फिरवले आणि टण्ण वाजवली. मला वाटलं, चला, सुटलो! पण मिलिमीटरनी खटके मोजले होते, त्यांना लगेच कळलं.

"अंदाजपंचे मारू नकोस," ते म्हणाले. "एकदा लागेल, दहादा चुकेल. आकडे मी मोजलेत. आकड्यांत खोट नाही. तू ट्रिगर ओढताना नळी उचलतेयस."

"मी उचलत नाहीये, बाबा."

"मग गोळी वर कशी जाते?"

ती पुढची गोळी भरू लागली. उत्तर माझ्याकडे होतं.

तीन आठवडे हे असं चाललं. रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर ती रिकामी रायफल घेऊन भिंतीकडे नेम धरायची आणि नळीवर एक नाणं ठेवायची. ट्रिगर ओढल्यावर नाणं पडता कामा नये. नाणं पडत नव्हतं. पन्नास वेळा ओढला तरी पडत नव्हतं. नाणं पडत नाही म्हणजे हात ठीक आहे, एवढं तरी कुणाच्या डोक्यात यावं! पण मिलिमीटर म्हणायचे, "घरी पडत नाही, मैदानावर घाबरतेस." आणि माणसाला रोज सांगितलं की तू घाबरतेस, तर तो एक दिवस खरंच घाबरतो. शेवटच्या रविवारी तिची चारशेची थाळीसुद्धा चुकली.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने रायफल पुसली आणि टेबलापाशी नुसती बसून राहिली.

"माझा हातच गेलाय," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबांचे आकडे काय, ते बरोबरच असणार. त्यांनी जन्मभर दुसरं केलं काय? मीच कमी पडतेय."

"अगं, एकदा त्या फोनचं..."

"नको. आधीच ते माझ्यापायी झोपत नाहीत नीट. त्यात आता त्यांना तुमचं माप खोटं म्हणून सांगू?"

हे खरं होतं. मिलिमीटर शेजारच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत वजनं तपासत बसायचे. वाईट माणूस असता तर मला इतका वैताग आला नसता. जीव तोडून चुकत होता बिचारा.

चाचणीच्या दिवशी सकाळी सात वाजता रेडिओ लागला. सूनबाई डबे भरत होती. रेडिओवाला म्हणाला, "हवेचा दाब, समुद्रसपाटीला धरून, एक हजार तेरा." टक टक, टिचक्या वाजल्या. पण आज पहिल्यांदा सूनबाईचा हात डब्यावर थांबला.

"बाबा, हे समुद्रसपाटीला असं का म्हणतात?"

"म्हणतात ते तसं. पद्धत असते."

"पण आपण कुठे समुद्रावर राहतो?"

"सूनबाई, पिशवी भरलीस का? सव्वासातला निघायचंय."

ती डब्याचं झाकण लावू लागली. चष्म्याच्या दुकानात तिने कितीदा बघितलं होतं, भिंग अगदी सुरेख घासलेलं असतं, पण नंबरच दुसऱ्याच्या डोळ्याचा असतो. गिऱ्हाईक बिचारं म्हणतं, माझीच नजर बिघडली. हे तिने नंतर सांगितलं. त्या सकाळी ती फक्त विचारात पडली होती.

गाडीत मी तिच्या मांडीवर आडवा पडलो होतो. आडवा झालो की माझा पडदाही आडवा होतो, अक्षरं फिरून उभी राहतात. ॲप उघडंच होतं. तिने खाली बघितलं आणि तिचे डोळे बारीक झाले. बटण जागेवरून सरकलं होतं. मेलेली पट्टी आता उजव्या कडेला होती आणि बटण डावीकडे, चांगल्या काचेवर! मित्रांनो, माझा जीव पडद्यात गोळा झाला. तिचा अंगठा आला. मला कळलं. तीन वर्षांनी मला कुणी विचारलं आणि मी एका दमात सांगितलं. नऊशे आठ!

सगळे आकडे सरसर बदलले. आठशे मीटरचे चार खटके कमी झाले. ती बघतच राहिली.

"बाबा, हा बघा काय म्हणतोय. नऊशे आठ."

पुढच्या सीटवरून मिलिमीटर वळले. "कुठे दाबलंस? सगळं बदललं की!"

"सकाळी रेडिओवर म्हणाले ना, बाबा, समुद्र..."

"चाचणीच्या दिवशी माप बदलायचं नसतं," ते म्हणाले. "हा नेमबाजीतला पहिला धडा आहे. तूच मला सांग, शिकवलाय की नाही मी तुला?"

"शिकवलाय."

"मग दे इकडे."

त्यांनी मला घेतलं, उभं केलं आणि एक हजार तेरा पुन्हा घातलं. आरशात लिफ्टवाल्याने बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मला त्या क्षणी गाडीतून उडी मारावीशी वाटली. उडी मारायची मला सवय आहे, तुम्हाला ठाऊकच आहे.

मैदानावर पंधरा-वीस माणसं होती. क्लबचे सचिव टेबल टाकून बसले होते. एरवी ते बेकरी चालवतात, त्यामुळे त्यांच्या कागदांनाही पावाचा वास येतो. दातांचा डॉक्टर आधीच मारून मोकळा झाला होता. दहापैकी नऊ. तो पाण्याची बाटली घेऊन सगळ्यांशी हसून बोलत होता.

सूनबाई चटईवर पालथी झाली. तिच्या बाजूला मिलिमीटर गुडघ्यावर, हातात मी. सचिव अंतर सांगणार, हे माझ्यावरून खटके सांगणार, ती चकती फिरवून एक गोळी मारणार.

पहिल्या सहा टण्ण वाजल्या. त्या सगळ्या सहाशेच्या आतल्या. मागे कुणीतरी "वा, ताई!" म्हणालं. मिलिमीटरच्या कपाळावर घाम होता, त्यातला एक थेंब माझ्यावर पडला.

"सातवी. सातशे दहा."

मिलिमीटरनी आकडा वाचला. तिने चकती फिरवली. धूळ उडाली.

"वरून," मागचा पंच म्हणाला.

"श्वास," मिलिमीटर हळूच म्हणाले. "श्वास नीट सोड."

"आठवी. सातशे साठ."

पुन्हा आकडा. पुन्हा धूळ. "वरून. चार बोटं."

तिने डोकं रायफलवरून उचललं. मला वाटलं, ही आता उठणार आणि पिशवीतला तो कागद काढणार. पण ती वळून सासऱ्यांकडे बघत राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

"बाबा, माझ्या हातातून नाणं पडत नाही. तुम्ही स्वतः पन्नासदा बघितलंय."

मिलिमीटरनी कपाळावरचा घाम पुसला.

"बाबा, तो आडवा करा."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, आणि मला घड्याळ आहे. मिलिमीटरनी थाळीकडे बघितलं, सुनेच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. ह्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची मापं नापास केली होती. स्वतःचं माप नापास करायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. त्यांनी मला आडवं केलं आणि बटण दाबलं. मी सांगितलं.

"नववी. सातशे ऐंशी."

नवा आकडा. टण्ण!

"दहावी. आठशे पंचवीस."

ही सगळ्यांत लांब. आवाज यायला वेळ लागतो. आणि मग लांबून, बारीक, पण स्वच्छ आवाज आला.

आठ. दहापैकी आठ. दातांच्या डॉक्टरचे नऊ. तिसऱ्या वर्षीही एकाच थाळीने जागा गेली. डॉक्टर आला, पण "पुढच्या वर्षी" म्हणायचं त्याला सुचलं नाही. नववी आणि दहावी त्यानेही बघितली होती.

सूनबाई रायफल पुसत होती. मिलिमीटर मला हातात घेऊन तडक सचिवांच्या टेबलापाशी गेले.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "सातवी आणि आठवी गोळी तिची नाही. माझी आहे."

"अहो मिलिमीटर, नियमाप्रमाणे निकाल तोच राहणार."

"निकाल बदला म्हणतच नाहीये मी. लिहा म्हणतोय."

"पण ह्या कागदावर तसा रकाना नाही."

"मग समासात लिहा."

सचिवांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पेन उघडलं. मिलिमीटर सांगत गेले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "क्रमांक सात आणि आठ. आकडा चुकीचा. नेमबाज बरोबर." सूनबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं, आणि ती ते उचलायच्या निमित्ताने बराच वेळ खालीच वाकून राहिली. परतीच्या वाटेवर मी तापलो नाही.

घरी आल्यावर मिलिमीटरनी तिच्यापुढे हात केला. "तो कागद दे."

"कुठला?"

"जमा करायचा. पिशवीतला. मला माहीत नाही असं समजू नकोस."

तिने दिला. त्यांनी तो फाडला नाही. त्याची घडी घातली, पुन्हा घातली, चिमट्याने जाडी मोजली आणि जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. टेबल हलवून बघितलं. हललं नाही. "पुढच्या वर्षी चहा ठेवलास तरी चालेल," ते म्हणाले. सूनबाई हसली आणि हसता हसता रडली, आणि लिफ्टवाल्याला काय करावं ते न कळून त्याने पंखा लावला.

माझं कौतुक कुणी केलं म्हणता? कुणी नाही. क्लबमध्ये आता म्हणतात, मिलिमीटरने भर चाचणीत चूक पकडली, काय माणूस आहे! पकडली म्हणे! पण मी आता खणात नसतो. टेबलावर असतो, चार्जरला, आडवा. मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा खण असेलच. त्यात पडलेल्या कुणाला टाकून देण्याआधी एकदा बाहेर काढा, उलटंसुलटं, आडवंउभं करून बघा, त्याला काय येतं ते विचारा. माणसांचंही तसंच करा. ज्याच्यावर रोज ठपका ठेवता, त्याचा हात एकदा स्वतः तपासा. आणि कृपा करून जुने चार्जर फेकू नका.

आता सात वाजलेत. रेडिओ लागलाय. एक हजार अकरा म्हणतोय. मिलिमीटर पितळी दाबमापकापाशी उभे आहेत. त्याचा काटा आता नऊशेच्या घरात असतो, तो त्यांनी परवा माझ्यावरून लावून घेतला. "समुद्राचं चाललंय त्यांचं," असं रेडिओला म्हणून त्यांनी दाबमापकाच्या काचेवर दोन टिचक्या मारल्या. स्क्रूला हात लावला नाही. मग ते टेबलापाशी आले, चष्मा वर केला आणि बोटाच्या पेराने माझ्याही काचेवर दोन टिचक्या मारल्या. नेमक्या त्या मेलेल्या पट्टीवर मारल्या. मला त्या लागल्या नाहीत, पण दिसल्या.